तू तर घरचीच

मिनियापोलिस,
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय जर्मेन,

बटाट्याची काढणी आटपली का? काढणीसाठी आमच्याकडे शाळेला तीन आठवडे सुट्टी असते, असं इथे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि विचारतात, कुठल्या काळात वाढलीस तू? मी सांगते, मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथे.

उन्हाळाभर तू मला सांभाळलंस, त्याबद्दल काय लिहू? उन्हाळी शाळेची बस चालवून दमून यायचीस आणि वर मला गाडीत घालून एक्झिल्डाकडे, ब्लांशकडे, लोरेतकडे, जानीनकडे घेऊन जायचीस. तू शब्द टाकला नसतास तर त्या पाचजणींपैकी एकीनंही मला दारात उभं केलं नसतं. मानसशास्त्राची डॉक्टरेट म्हणजे काय, हे अल्फोन्सीनला अजून कळलेलं नाही. मी वेड्यांची डॉक्टर होणार आहे असं ती चर्चमध्ये सगळ्यांना सांगते म्हणे.

सोबत पहिलं प्रकरण पाठवतेय. लग्न न करता आईवडिलांची दुखणी काढत घरी राहिलेल्या मुलींबद्दल लिहायचं, हे तर तुला माहीतच आहे. प्रकरणाला नाव दिलंय ‘मागे राहिलेल्या’. सगळ्यांची नावं बदलली आहेत. आमच्या कामात अशी रीत आहे की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते दाखवायचं आणि काही चुकलं का ते विचारायचं. मी इंग्रजीत लिहिलंय, तेव्हा त्यांना तूच आपल्या फ्रेंचमध्ये वाचून दाखव.

जूनमध्ये प्रबंधाच्या समितीपुढे उभं राहायचं आहे. त्यानंतर शिष्यवृत्ती संपते. खरं सांगू? हे लिहिताना पानापानावर तूच डोळ्यांसमोर होतीस. आपल्या आजारी आईच्या, मामाँच्या, पलंगाशी बसलेली थोरली तू आणि बॅग घेऊन बसमध्ये चढणारी धाकटी मी. प्रकरण वाचलंस की तुला कळेल.

तुझी,
ओदेत

*

सेंट ओदिल,
२ नोव्हेंबर १९९७

ओदेत,

वाचलं. मला कळलं ते तुला आवडायचं नाही.

गेल्या रविवारी पाचजणींना स्वयंपाकघरात बोलावलं. कोंबडीचा रस्सा केला, तव्यावर कुट्टूच्या पिठाचे प्लॉय घातले आणि तुझे कागद घेऊन वाचायला बसले. पहिल्या दोन पानांपर्यंत सगळ्या कौतुकानं ऐकत होत्या. मग एकेकीचा चमचा थांबला. अल्फोन्सीन मात्र शेवटपर्यंत जेवली, तिचं जेवण अंत्ययात्रेतही थांबत नाही. पण उठताना म्हणाली, ‘ही बिचारी बाई कोण ते मला माहीत नाही, पण मी नव्हे.’

एक्झिल्डाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तू ‘दाबून ठेवलेलं दुःख’ म्हणून लिहिलंस. अगं, तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तुझ्यासमोर औषधाचे थेंब घातले होते तिनं.

आणि ती अंगठी. ‘यांतल्या कित्येकींनी घरासाठी साखरपुड्याची अंगठी परत केली.’ कुणी केली? लोरेत म्हणाली, ‘मी ओदेतला एवढंच सांगितलं होतं की एक जण होता, आणि पुढचं तुला काय सांगायचं, तू तर घरचीच.’ तो एक जण नदीपलीकडे बायको आणि दोन पोरं ठेवून होता. सगळ्या व्हॅलीला ठाऊक आहे, तुला सोडून. लोरेत हसत होती, पण चेहरा उतरला होता तिचा.

या पाचजणींच्या बोटात कधी अंगठी नव्हती ओदेत. अंगठी माझ्या बोटात होती. तू ती माझ्या बोटातून काढून त्यांच्यात वाटून टाकलीस.

आणि आता विषय काढलाच आहेस तर ऐक. रोझेरला मी अंगठी परत केली ती मामाँ अंथरुणावर पडायच्या दोन वर्षं आधी. तो सुरू झाला की स्वतःच्या ट्रॅक्टरबद्दल दीड तास बोलायचा. मला जन्मभर ते ऐकायचं नव्हतं. तो कनेक्टिकटला गेला आणि मी त्या दिवशी शांत झोपले. त्यात त्याग कुठे आला?

‘मागे राहिलेल्या’ म्हणे. कुणाच्या मागे? आम्ही होतो तिथेच आहोत. पुढे गेलीस ती तू, आणि तिथून वळून बघतेस म्हणून आम्ही मागे दिसतो.

पाचहीजणी म्हणतात, आमचं बोलणं परत दे. मला तुझा राग आलाय, हे लपवत नाही.

जर्मेन

*

मिनियापोलिस,
१५ नोव्हेंबर १९९७

प्रिय जर्मेन,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि प्रोफेसर हाल्व्हरसनबाईंकडे घेऊन गेले. त्या साठीच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी पत्राचा मजकूर माझ्याकडून ऐकला आणि म्हणाल्या, मुलाखतींच्या टेप आण.

मग आम्ही दोघी बसून टेप ऐकल्या. मी एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगत होते. जर्मेन, मला माझाच आवाज ऐकवेना. बाई कुठलीही असो, बोलता बोलता अवघड जागी आली की म्हणते, ‘तुला काय सांगायचं, तू तर घरचीच.’ आणि लगेच माझा आवाज येतो, ‘हो ना.’ मग चहा ओतल्याचा आवाज, आणि विषय संपला. मी मान डोलावली आणि पुढचं सगळं माझ्या मनातलं भरलं. तिऱ्हाईत कुणी गेलं असतं तर त्यानं निदान विचारलं असतं. मला वाटत होतं की मी तिथली आहे हाच माझा फायदा. फायदा होताच, त्याशिवाय दार उघडलं नसतं. पण आत गेल्यावर मी विचारणंच सोडून दिलं.

बाईंनी टेप थांबवली आणि म्हणाल्या, ‘इथे उत्तर तू दिलंयस, त्यांनी नाही.’ मग एवढंच विचारलं की या सगळ्यात तू कोण आहेस? आमच्या प्रकारच्या अभ्यासात हे लिहावंच लागतं. बघणारी कुठे उभी राहून बघतेय, तिचं काय गुंतलंय, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मी आधी दोन ओळी लिहून मोकळी झाले होते. ‘संशोधक याच भागात जन्मली’ वगैरे.

आता तुला लिहिते, कारण खरं तर तुलाच लिहायला हवं. मला आजवर वाटत होतं की तू माझ्यासाठी राहिलीस. मी कॉलेजला जावं म्हणून तू रोझेरला सोडलंस, मामाँचं सगळं उचललंस. माझ्या डोक्यात अंगठी आणि मामाँचं पडणं एकाच वर्षातलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, मीच तसं जुळवलं होतं. आणि तेच ओझं घेऊन मी त्या पाचजणींच्या घरी गेले आणि तिथे उतरवून आले.

त्या माघार घेऊ शकतात, त्यांचा तो हक्क आहे. तशी त्यांनी घेतली तर माझं काम इथेच संपेल. नवीन माणसं शोधायला ना वेळ आहे ना पैसा. तरी मी तुझ्यामार्फत त्यांच्यावर भीड घालणार नाही. फक्त एवढं विचार, की मी पुन्हा येऊन नीट ऐकू का?

ओदेत

*

सेंट ओदिल,
४ डिसेंबर १९९७

ओदेत,

आधी जेवतेस का नीट ते सांग. तुझं पत्र वाचून मला वाटलं तू उपास धरला आहेस.

त्यांच्याशी बोलले. लोरेत लगेच हो म्हणाली, आता नदीपलीकडच्याची पूर्ण कथा सांगणार आहे म्हणे, टेप दोन आण. एक्झिल्डा म्हणाली, डोळे सुकले आहेत, आता चालेल. जानीनला नाताळानंतर सवड आहे. अल्फोन्सीनला विचारलं, तर म्हणाली, ओदेत वेड्यांची डॉक्टर आहे, तिला नाही म्हणून कसं चालेल, माहीत नाही कधी गरज पडेल. ब्लांश तेवढी काही बोलली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

माझा राग गेला असं समजू नकोस, पण निम्मा गेला. तू इतकी वर्षं हे डोक्यावर घेऊन फिरत होतीस? मला काय माहीत. तू सुट्टीत यायचीस, माझ्यासाठी महागाचे हातमोजे आणायचीस. मला वाटायचं पोरीला शहराचा वारा लागला.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. तू विचारशील तेव्हा मी बाजूला बसेन. मी असले की त्या लाजणार नाहीत आणि तुझं कुठे चुकलं तर मी तिथल्या तिथे सांगेन. आणि नीट लिही की आम्ही सुखात होतो. आपल्या माणसांचं केलं, देवानं हातपाय चांगले ठेवले, पत्ते खेळलो, हसलो. कुणी आमची कीव करू नये. मी या पाचहीजणींना लहानपणापासून ओळखते, त्यांच्या मनात काय आहे ते मला विचारून लिहिलंस तरी चालेल.

येताना बर्फाचे बूट आण. मागच्या वेळचे ते शहरी बूट बघून पाद्रीसाहेबसुद्धा हसले होते.

जर्मेन

*

मिनियापोलिस,
२० जानेवारी १९९८

प्रिय जर्मेन,

घरून निघताना तू दारापर्यंत आलीस पण बोलली नाहीस. बसमध्ये मला रडू आलं, शेजारच्या म्हाताऱ्यानं मला पेपरमिंटची गोळी दिली.

मी तुला बाहेर बसवलं. ब्लांशच्या अंगणात, उणे वीसमध्ये, तू ट्रक चालू ठेवून बसलीस, आणि मी आत. पाचही घरी तेच. तुला तो अपमान वाटला. तूच त्यांना आणलंस, तुझ्याच ट्रकमधून मी गेले, आणि तुलाच म्हटलं, तू आत येऊ नकोस. मला दुसरा रस्ता नव्हता, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

डिसेंबरात तुझं पत्र आल्यावर मी ते प्रकरण उलटं करून लिहिलं होतं. सगळ्या सुखात, सगळ्या स्वखुशीनं राहिलेल्या, कुणाच्या मनात कसलीही खंत नाही. मला वाटलं आता बाई खूश होतील. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘आधी अपराधी वाटत होतं म्हणून तसं लिहिलंस, आता बहिणीला घाबरतेस म्हणून असं. त्या बायका कुठे आहेत?’

म्हणून यावेळी तुला आणि मला, दोघींना बाहेर ठेवायचं ठरवलं होतं. तुला ट्रकमध्ये ठेवलं. मला स्वतःला कुठे ठेवणार? तेव्हा मी एवढंच केलं, की कुणी ‘तू तर घरचीच’ म्हणाली की मी म्हणायची, ‘नाही गं, मला खरंच माहीत नाही, सांग.’ पहिल्यांदा फार विचित्र वाटलं, आपल्याच आत्याला तिचं नाव विचारल्यासारखं. त्या माझ्याकडे बघायच्या, मग खिडकीबाहेर बघायच्या. एकजण तर चिडली. आणि मग बोलल्या. किती बोलल्या.

काय बोलल्या ते मी तुला सांगणार नाही. लिहून होईल, त्या वाचतील, त्यांनी हो म्हटलं तेवढंच राहील.

माझ्याशी बोल. निदान शिव्या तरी घाल.

ओदेत

*

सेंट ओदिल,
८ फेब्रुवारी १९९८

ओदेत,

बरं, नको सांगूस.

बर्फ खिडकीपर्यंत आलंय. बसचं हीटर बिघडलं होतं, दोन दिवस पोरं ब्लँकेट घेऊन बसली आणि त्यांना मजा वाटली.

ब्लांश पत्त्यांना यायची बंद झाली आहे. तू गेलीस त्या आठवड्यापासून. परवा दुकानात भेटली तर मला बघून दुसऱ्या बाजूला वळली. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे ती माझी. तू तिच्याकडून बाहेर आलीस तेव्हा ती खिडकीत उभी होती, डोळे लाल होते, आणि तिला मोतीबिंदू नाही. काय विचारलंस तू तिला? काय बोलली ती, की माझ्याकडे बघवेना तिला? माझ्याबद्दल काही बोलली का?

तुझा प्रबंध होऊन जाईल आणि तू तिकडे राहशील. मला इथे यांच्यात राहायचं आहे.

जर्मेन

*

मिनियापोलिस,
१६ फेब्रुवारी १९९८

प्रिय जर्मेन,

नाही सांगू शकत. ब्लांश काय बोलली हे नाही, आणि कुणी तुझ्याबद्दल बोललं का हेही नाही. एकदा तुला सांगितलं तर उद्या दुसरं कुणी माझ्याजवळ तोंड उघडणार नाही, आणि ते बरोबरच असेल. तुझी मैत्रीण मी तोडली असं तुला वाटत असेल, तर तसं वाटू दे, पण मी सांगणार नाही.

प्रकरण पुन्हा लिहून झालं. पाचहीजणींना त्यांचा त्यांचा भाग वेगळा पाठवला, यावेळी फ्रेंचमध्ये, मीच लिहून. त्यांनी वाचलं, काही ओळी काढायला लावल्या, काही घालायला लावल्या. तुला अख्खं पाठवायला पाचहीजणींची हरकत नाही. कोण कुठली हे ओळखता येणार नाही, असं त्यांचं बोलणं मिसळून टाकलंय. प्रकरणाचं नाव बदललं आहे, आता फक्त ‘घरी’.

सुरुवातीची चार पानं माझ्याबद्दल आहेत. मी कुठून आले, काय गृहीत धरून आले, अंगठीचं काय केलं, सगळं. त्यात एक वाक्य आहे, ते तुला आधीच सांगते म्हणजे तिथे अडखळणार नाहीस. ‘माझी मोठी बहीण या अभ्यासात नाही. संशोधक म्हणून मी तिला विचारू शकत नाही, आणि बहीण म्हणून मी तिला कधी विचारलं नाही.’

आता विचारते. तू का राहिलीस, आणि कसं होतं ते? उत्तर देशील तर कुठेही छापणार नाही. नाही दिलंस तरी चालेल.

ओदेत

*

सेंट ओदिल,
२२ मार्च १९९८

प्रिय ओदेत,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. तुझी चार पानं चांगली आहेत. अंगठीचं लिहिलंस ते बरं केलंस, रोझेरच्या ट्रॅक्टरचं गाळलंस तेही बरं केलंस, त्याची बहीण अजून आमच्याच चर्चला येते.

मग पुढे वाचत गेले आणि एका पानावर थांबले. तिथे कुणीतरी म्हणतंय: ‘काही सकाळी मी आईच्या खोलीबाहेर उभी राहायची. हाक मारायच्या आधी वाटायचं, आज आतून उत्तर आलं नाही तर बरं. मग ती म्हणायची, आलीस का गं, आणि मला इतका आनंद व्हायचा की हातातली कॉफी सांडायची.’

मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी वाटलं, तू माझं चोरून ऐकलंस. मग लक्षात आलं, मी तर तुझ्या टेपवर नाहीच. आणि हे मी कधी कुणापाशी बोललेही नाही. पाद्रीसाहेबांपाशीही नाही, मामाँचं केलं त्या अकरा वर्षांत एकदाही नाही, ती गेल्यावरही नाही.

ओदेत, मी उभी राहायचे त्या दाराबाहेर. रोज नाही, पण राहायचे. आणि मला वाटायचं, जगात असली मुलगी मी एकटीच. म्हणून तर तुला म्हटलं, सुखात होतो असंच लिही. तेही खोटं नाही. आम्ही हसलो, मामाँबरोबर मी जितकी हसले तितकी आता कुणाबरोबर हसत नाही. पण मला वाटलं, हसलेलं तेवढं लिहिलं की ते दार कुणाला दिसणार नाही.

तू विचारलंस, का राहिलीस. मला माहीत नाही गं. पटत होतं तेव्हा राहिले, पटत नव्हतं तेव्हाही राहिले. तुझ्यासाठी मात्र नाही, ते डोक्यातून काढ. तू गेलीस तेव्हा मला एकदाच राग आला, आणि तोही तू माझा निळा कोट नेलास म्हणून. बाकीचं सांगेन, पण पत्रात नाही. ये आणि विचार.

आता काल काय झालं ते सांगते. शनिवारी चर्चच्या सभागृहात बीन्सचं जेवण होतं. नंतर भांडी घासायला नेहमीच्याच आम्ही सहाजणी. ब्लांशही होती, माझ्यापासून लांब, टॉवेल घेऊन. सगळ्यांनी आपापले कागद वाचलेत हे सगळ्यांना माहीत, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मी प्रत्येकीकडे बघत होते, की ते बोललेली कोण? ब्लांश? की जानीन? मग माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं ओळखते म्हणते, आणि मला सांगता येईना.

मग मी बीन्सचं मोठं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘मी उभी राहायचे मामाँच्या दाराबाहेर. उत्तर आलं नाही तर बरं, असं वाटायचं मला.’

नळ वाहत होता, तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. अल्फोन्सीनच्या तोंडात पावाचा तुकडा होता, तो तिनं गिळला आणि म्हणाली, ‘मी जिन्यात थांबायची. आमच्याकडे दाराबाहेर जागा नव्हती.’ एक्झिल्डा म्हणाली, ती आधी चुलीत लाकडं घालायची, गरज नसताना घालायची, तेवढाच वेळ जावा म्हणून. लोरेतला तर हसू फुटलं, हसता हसता ती रडायला लागली. ब्लांशनं टॉवेल ठेवला, माझ्याजवळ आली आणि माझे ओले हात धरले. म्हणाली, ‘मला वाटलं, जर्मेनला हे कळलं तर ती माझं तोंड बघायची नाही.’

खूप वेळ लागला भांड्यांना. तुझ्या टेपवर ते वाक्य कोण बोललं, हे मला अजूनही कळलेलं नाही आणि आता कळायला नको. भांडी पुसून होईपर्यंत आम्ही सगळ्याच ते बोललो होतो.

तुझी,
जर्मेन